तुझ्या 'आमका'त मी नव्हते

सुनंदा,

दवाखान्यात तुझी शोकसभा झाली. ओपीडी आटोपल्यावर, बाहेरच्या बाकांवर. सगळ्यांनी मलाच पुढं ढकललं. "नलू, तू बोल, तुझी ती जिवाभावाची." मी उभी राहिले आणि दोन वाक्यं बोलले. सुनंदा कामाला वाघ होती, आणि पेशंटशी ती कधी तुसडेपणानं बोलली नाही. दोन्ही खरी. मग पदर डोळ्यांना लावून खाली बसले. लोकांना वाटलं मला रडू आलं. रडू कसलं डोंबलाचं! मला राग आला होता, आणि शोकसभेत रागाचं भाषण करत नाहीत. म्हणून उरलेलं इथं लिहिते. कुणाला वाचायला देणार नाही. तुझ्याशीच भांडायचं होतं, आणि तू मेली अर्ध्यातनं उठून गेलीस.

आपण दोघी एकाच दिवशी या पेडण्याच्या दवाखान्यात लागलो. सरकारच्या भाषेत एमटीएस, पेशंटच्या भाषेत आया. मी डिचोलीकडची, मयेची. तू कुडाळच्या आतल्या गावातली, लग्न होऊन गोव्यात आलेली. पहिल्याच सकाळी नर्सबाईंनी धुतलेल्या चादरींचा ढीग दाखवला आणि म्हणाल्या, घड्या घाला. दोन टोकं तू धरलीस, दोन मी. तू एकीकडं वळवायचीस, मी दुसरीकडं, आणि चादरीचा नुसता पीळ. "काय गो, तुमच्या गोव्यात घडी पण उलटीच घालतत?" म्हणालीस. आपण इतक्या हसलो की नर्सबाई धावत आल्या. कामाच्या पहिल्या दिवशी कुणी शिव्या खातं का? आपण खाल्ल्या.

तुझे उपकार विसरले असं नको समजू. माझी कंबर धरली होती तेव्हा माझ्या वॉर्डातली भांडी तू उचललीस, आणि वर कुणाला कळू दिलं नाहीस की नलूला उचलवत नाही म्हणून. डब्यात कुळथाची पिठी आणलीस की माझ्यासाठी वेगळी वाटी असायची, कारण तुमच्यात तिखट जास्त. आई गेली तेव्हा रजा टाकून मयेला आलीस. आमच्या घरी बायका नुसत्या बसल्या होत्या. तू पदर खोचून चुलीपाशी गेलीस आणि सगळ्यांना पेज वाढलीस. माझी वहिनी अजून विचारते, ती मालवणीण बरी आहे ना? गेल्या महिन्यात तिला सांगावं लागलं, ती गेली म्हणून.

त्याच वेळी तुला मी आमचं तळं दाखवलं होतं. होड्या, पर्यटक, फोटो काढणारी जोडपी. तू बांधावर उभी राहून बघत होतीस आणि एकदम म्हणालीस, "नलू, लोक पैशे देऊन तुझ्या गावात ऱ्हवतत, आणि तू पेडण्यात खोली शोधीत फिरतस. कपाळ तुझा!" आईनंतर ते घर दादाचं झालं होतं. दादा वाईट नाही, पण त्याची तीन मुलं, दोन खोल्या, आणि खालच्या जमिनीचा कागद कुणाच्या नावावर आहे हे अजून सरकारलाही धड सांगता येत नाही. तिथं मी कुठं अंथरूण टाकणार होते?

आणि पेडण्यात खोल्या होत्या की! वरती डोंगरावर विमानतळ झाला आणि प्रत्येकाच्या पडवीला भाव आला. ज्या खोलीत मी वर्षानुवर्षं राहत होते तिथं मालकिणीनं गिझर बसवला, भिंतीला निळा रंग मारला, आणि मला म्हणाली, "नलूबाय, तुमी आपलीं माणसां, पूण आतां दिसाच्या भाड्यान दिवपाची आसा." दिवसाच्या भाड्यानं. तिथं एका रात्रीचं जे घेतात त्यात माझा महिन्याचा किराणा होतो. तेव्हा तू माझ्याबरोबर आली होतीस. पदर कंबरेला बांधून तिला म्हणालीस, "बाळंतपणात हिनाच तुझे पाय चेपले मा? त्या वक्तार दिसाचा भाडा लावूक नाय तिना!" आणखी एक अकरा महिन्यांचा करार करून दिला तिनं, तुझ्या तोंडाला भिऊन. मला तेव्हा वाटलं होतं, आपल्याला घर नसलं तरी सुनंदा आहे.

सरकारनं आपल्यासारख्यांसाठी स्वस्त घरं बांधायची ठरवली होती, आठवतं? शिपाई, ड्रायव्हर, सफाईवाले, आया, सगळ्यांना. मंडप घातला, नारळ फुटला, पेढे वाटले. तू दोन पेढे घेतलेस, एक लेकीसाठी, रेश्मासाठी. त्या जागेवर आता मस्त गवत वाढलंय आणि गुरं चरतात. चांगलं पोसलेलं गवत आहे. आपल्या वाट्याला राहिले ते दवाखान्याच्या मागचे जुने स्टाफ क्वार्टर, आणि त्यातलेही निम्मे गळके.

मग त्यातला एक रिकामा झाला. कंपाउंडर निवृत्त होऊन गेले. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागं धुणं धुवायची जागा. हेडक्लार्कनी यादी बघितली. आपण एकाच दिवशी लागलेल्या, म्हणून वयानं मोठी ती पुढं, आणि वयानं मोठी मी. पहिला नंबर माझा, दुसरा तुझा. ही गोष्ट सगळ्या दवाखान्याला माहीत होती.

चादरींच्या खोलीत होतो आपण. चादर ताणून धरली होती. तू म्हणालीस, "नलू, एकट्या बाईमाणसाक दोन खोल्ये देताना वर कोण तरी काडी घालतलो. तुझा नाव मागे घे. माझ्या नावार होऊ दे. ता घर आमका मिळाला म्हणजे सगळा बरा होतला."

आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "आमकां मेळूं, म्हणजे जालें."

बघ, दोघींच्या तोंडात एकच शब्द. मी त्याच दिवशी हेडक्लार्कच्या टेबलापाशी जाऊन सांगितलं, सुनंदाला द्या. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "विचार केलास मगो बाय?" विचार कसला करायचा? विचार तू केला होतास. मी तर पुढच्या खोलीत तुम्ही तिघं, मागच्या खोलीत मी, असं मनात मांडूनसुद्धा मोकळी झाले होते. जनेल मागच्या खोलीलाच चांगलं आहे, लाकडी, दोन झडपांचं. तिथं माझी खाट बसेल की नाही ते मी बाहेरनं अदमासानं बघून ठेवलं होतं. घरमालकिणीलाही सांगून टाकलं, महिनाअखेर खोली सोडते. तिला केवढा आनंद झाला!

तू सामान हलवलंस तो आठवडा मी वाट बघितली. तू म्हणशील, नलू, रविवारी ये. दुसरा आठवडाही गेला. वॉर्डात तू भेटायचीस तेव्हा घाईत असायचीस. मला वाटलं, घर लावतेय, दमली असेल. शेवटी मीच रविवारी पिशवी भरून आले. पिशवीत काय होतं सांगू? देवाची तसबीर, माझं ताट, आणि सकाळी आलेले उंडे पाव, गरम गरम, तुझ्या रेश्माला आवडतात म्हणून. तू दारात आलीस. पिशवी बघितलीस. "आज कशी गो इलंस?"

मी हसले. मला वाटलं चेष्टा करतेस. म्हटलं, कशी म्हणजे, चालत आले. मागल्या खोलीची चावी दे.

तुझा चेहरा कसा झाला ते मी आजही सांगू शकते. लाज नव्हती त्यात, चिडचिड होती. दारात उभी राहूनच म्हणालीस, "मी 'आमका' म्हटलेलंय नलू. 'आपल्याक' खय म्हटलंय?"

मला पहिल्यांदा कळलंच नाही तू काय बोलतेस. उन्हात उभी होते, हातात उंड्यांची पिशवी. मग कळलं. तुमच्याकडं दोन शब्द आहेत. समोरच्याला धरून 'आपण', समोरच्याला वगळून 'आमी'. आमच्याकडं मयेला बोलताना एकच 'आमी'. त्यात सगळे येतात, बोलणाराही आणि ऐकणाराही. मराठी मी शाळेत शिकले, लिहिताना 'आपण' लिहिते, आताही लिहितेय बघ. पण चादर धरून बोलताना कुणी शाळेतलं मराठी बोलतं का? तुझ्या 'आमका'त तू, विष्णूभावोजी आणि रेश्मा. माझ्या 'आमकां'त आपण चौघं.

एवढंच असतं तर मी म्हटलं असतं, गैरसमज झाला. नशीब म्हटलं असतं. पण गो बाये, तुला हे ठाऊक होतं! लागलो त्याच वर्षी तू मला यावरून चिडवलं होतंस. मी एकदा म्हटलं, 'आमकां साहेबान आपयलां', म्हणजे बोलावलंय, आणि तू उठून माझ्या मागं यायला लागलीस, मग थांबलीस. "म्हणजे कोणाक गो? तुमका गोंयकारांक आमी आणि आपण एकच. उद्या कोण म्हणात 'आमी जेवतलों', आणि दुसरो पान मांडून बसात!" सगळ्या बायका हसल्या होत्या, मीही. मग मी पान मांडून बसले ना सुनंदा, तुझ्या दारात. तू अगोदरच सांगून ठेवलं होतंस मी बसेन म्हणून.

हाच आपला वाद. दारातनं मी परत गेले, पण तो मिटला नाही. मला एकच विचारायचं होतं: चादर धरून तो शब्द बोललीस तेव्हा मी काय ऐकतेय ते तुला कळत होतं ना? कळत होतं. तुला सगळ्यांचं सगळं कळायचं. पेशंट तोंड उघडायच्या आत त्याला भांडं हवंय की पाणी ते तुला कळायचं. मी काय ऐकलं ते तेवढं कळलं नाही होय?

दोन पावसाळे आपण बोललो नाही. पण काम कुठं सुटलं? चादरी येतच राहिल्या. एक टोक तू, एक मी. ताणायची, जवळ यायचं, टोकं द्यायची, मागं जायचं. आता घड्या एकदम सरळ बसायच्या, एकही पीळ नाही. नर्सबाई म्हणाल्या, तुमच्यासारख्या घड्या कुणाच्या होत नाहीत. मला तेव्हा ती चादर टराटरा फाडावीशी वाटली होती.

त्या दोन वर्षांत मी कुठं कुठं राहिले ते तुला कुणी सांगितलं असेलच. आधी बाजारात, एका दुकानाच्या वर, जिथं पाणी दिवसाआड. तिथं हॉटेलच्या पोरांना ठेवायचं ठरलं, म्हणून निघाले. मग हळर्णला, एका शेतकऱ्याच्या घरामागं. माणसं सोन्यासारखी, पण शेवटची बस चुकली की ड्युटी करून जायचं कसं? कितीदा तरी वॉर्डाच्या बाकावर पाय आखडून पडले. बाकावरच्या जनेलातनं तुझ्या क्वार्टरचं मागचं अंगण दिसतं. तिथं दोरीवर निळे गणवेश वाळत असायचे, विमानतळावर असतात तसले. मी म्हटलं, भावोजींचे कुणी नातेवाईक आले असतील.

आणि मग त्या सकाळी तुला उचलून आणलं. अंगणात कपडे वाळत घालताना पडलीस. मागनं पुढं दवाखान्यात, एवढंसं अंतर. मी कॅज्युअल्टीत लादी पुसत होते. बालदी तशीच टाकली. तुझे ओठ काळेनिळे झाले होते, छाती धरली होतीस. डॉक्टर धावत येत होते. मी तुझ्या उशाशी आले तेव्हा तू माझं मनगट धरलंस, घट्ट. मला वाटलं, आता बोलेल. देवाशपथ सांगते, मी वाकले. कान तुझ्या तोंडापाशी नेला. तू म्हणालीस, "नलू, माझी चपला अंगणात ऱ्हवली, उन्हात. उचल गो."

तेवढंच. त्यानंतर तू बोलली नाहीस.

मरतानासुद्धा मला काम सांगितलंस! मी जाऊन उचलल्याही. तापल्या होत्या चपला. परत आले तर पडदा ओढलेला.

तुला बांधायचं काम मी कुणाला करू दिलं नाही. ती नवी पोरगी पुढं आली, तिला म्हटलं, हात लावू नकोस. तुझं अंग पुसलं, केस विंचरले, पायाचे अंगठे बांधले. उजव्या पायाच्या करंगळीवरचा तो डाग, गरम पाण्याचं भांडं माझ्या हातातनं निसटून पडलं होतं तेव्हाचा. तेव्हा तू साहेबाला सांगितलंस, माझ्याच हातातनं पडलं. अशी होतीस तू. म्हणून तर राग जास्त येतो ना गो! परक्या बाईनं दार लावलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी विसरले असते. चादर घातली तुझ्यावर, एकटीनं. एकटीनं नीट बसत नाही ती.

बाराव्याला मी त्या घरात पहिल्यांदा पाऊल टाकलं. पाहुणे जेवून गेले होते. भावोजी पडवीत बसले होते, गळून गेलेले. खाण बंद झाल्यावर टिप्पर विकला तेव्हापासून हा माणूस वाकला, आता तर पार मोडला. तेवढ्यात दोन मुली आल्या, निळे गणवेश, गळ्यात ओळखपत्रं. हिंदीत विचारायला लागल्या, अंकल, इस महिने का रूम का पैसा किसको देना है?

मी तिथंच होते, केळीची पानं गोळा करत. भावोजींनी माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. "ता सगळा सुनंदाच बघी," म्हणाले.

मागल्या खोलीचं दार उघडं होतं. दोन खाटा, आरसा, भिंतीला पावडरचा वास. माझी खाट बसली असती का याचा अदमास मी चुकीचा लावला होता. तिथं दोन बसत होत्या. सगळ्या दवाखान्याला माहीत होतं म्हणे. मला सोडून सगळ्यांना. नर्सबाई म्हणाल्या, तुला कसं सांगणार गं, तुझ्या जिवाला लागलं असतं.

अगो, पोरीची नर्सिंगची फी आहे, नवऱ्याला काम नाही, मला का कळत नव्हतं? पण भाडं मी दिलं असतं तुला! त्या पोरी देतात तेवढंच दिलं असतं. मी त्या दुकानावरच्या खोलीला देत होते, हळर्णला देत होते, ते तुला दिलं नसतं का? मैत्रिणीकडनं भाडं मागायला तुला जड गेलं, आणि मैत्रिणीला दारातनं परत पाठवायला नाही. हे तुझं गणित मला मरेपर्यंत सुटायचं नाही.

सोमवारी हेडक्लार्कनी बोलावलं. चष्मा काढून हळू बोलले, "नलिनी, नियमाप्रमाणें कुटुंबाक थोडे म्हयने दितात, मागीर खाली करचें पडटा. उपरांत नंबर तुजो. ह्या वेळार ना म्हणूं नाका." मी हो म्हटलं. ऐकतेस ना? डोळ्यात पाणी आणून, नको हो, पोरीला राहू द्या, असलं काही म्हटलं नाही. घर माझं होतं, ते मी घेतलं. आणि मी नाही म्हटलं असतं तरी ते तुमच्या हातात राहिलं नसतं. खालच्या नंबरचा ड्रायव्हर टपूनच बसलाय.

भावोजी म्हणाले, नियमाची वाट कशाला बघू, मी गावी भावाकडं जातो. कळलं मला ते. पण रेश्मा? म्हापशाला नर्सिंगचं दुसरं वर्ष. कुडाळच्या आतनं ती रोज कुठनं येणार? मी गेले तिला सांगायला, की तू राहा, मागली खोली तुझी, त्या पोरींना दुसरीकडं बघायला सांगते. भावोजी बाजारात गेले होते. रेश्मा पुस्तकं दोरीनं बांधत होती. नर्सिंगचीच पुस्तकं, गावी न्यायला.

मी म्हटलं, तू कशाला जातेस? माझ्याबरोबर राहा.

ती वर न बघता म्हणाली, "नाका मावशे. तुका एकटीक रावपाक आवडटा."

"कोण म्हणालं?"

"आई. आमी हांगा आयल्यार आयेन तुका कितलें आपयलें, पूण तूंच येवंक ना. आई सांगताली, नलूमावशेक आमची कटकट नाका, तिका एकटी रावपाक आवडटा." मग गाठ मारता मारता, "म्हाका खूब राग आयिल्लो तुजो. उंडे घेवन येताली तूं, मागीर एकदम येवपाचीच बंद जाली."

सुनंदा, दारात उभं केलंस ते मी गिळलं असतं. त्या निळ्या गणवेशांचंही हळूहळू गिळलं असतं. पण माझ्या रेश्माला, जिला मी अंगाखांद्यावर खेळवली, जिच्या गोवराच्या तापात आपण दोघी आळीपाळीनं बसलो, तिला तू सांगितलंस की मावशीला आपण नको झालोय? घर घेतलंस ते घेतलंस, मला घालवून दिल्याचा आळसुद्धा माझ्यावरच टाकलास!

आता मला सांग, मी काय करायला हवं होतं? तुझी लाज राखायची, तर म्हणायचं, होय गो बाय, मला एकटीला बरं वाटतं. मग ती पुस्तकं घेऊन बसमध्ये बसली असती, आणि पुढच्या वर्षी गावी काजूच्या कारखान्यात उभी राहिली असती. लोक म्हणतात, मेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये. जिवंत पोरीचं वाईट झालेलं चालतं का मग?

मी सांगितलं तिला. सगळं. यादीत पहिला नंबर कुणाचा होता ते, चादरींच्या खोलीतलं ते, रविवारचं दार, तुझा तो शब्द आणि माझा. खाली बसून सांगितलं, आवाज न चढवता. तुझ्याबद्दल एकही जास्तीचा शब्द बोलले नाही, पण कमीही बोलले नाही. ती ऐकत राहिली. दोरी हातातच होती. मध्येच एकदा म्हणाली, "त्या दिसा तूं आयिल्ली? हांव न्हाणयेंत आसली. म्हाका आई म्हणाली, कोण ना, भिकारी आयिल्लो." मग तिनं तोंड फिरवलं.

मी आता तुझ्या घरात आहे. माझ्या म्हणू? माझ्या घरात. त्या दोन पोरी गेल्या, चांगल्या होत्या बिचाऱ्या, जाताना पाया पडल्या. भावोजी गावी. रेश्मा राहिली, पुस्तकं परत सुटली. कॉलेजला जाते, येते, जेवते, ताट घासते. तुझं नाव काढत नाही. तुझ्या फोटोपुढं दिवा मी लावते, ती त्या खोलीतनं जाताना खाली बघून जाते. मी खरं सांगितलं त्याला पंधरवडा झाला, आई गेल्यावर पोरीनं जसं रडायला हवं तसं ती रडलेलीच नाही. मला भीती वाटायला लागली होती. खरं बोलून मी तुझं नाव घालवलं ते घालवलं, हिची आईच घालवली की काय?

काल दुपारी आम्ही मागल्या अंगणात कपडे काढत होतो. ती एकदम थांबली. हातात माझ्या लुगड्याचा पदर, अर्धा दोरीवर.

"मावशे, तूं आयेच्या उशाक आसली न्हय त्या दिसा? निमाण्या वेळार?"

"होय."

"आयेन तुजी माफी मागली?"

केवढे डोळे केले होते तिनं. तुझेच डोळे ते, त्याला मी काय करू? दोन वर्षं मी ज्या उत्तरासाठी खोळंबले होते, तेच ती माझ्याकडं मागत होती.

"होय गो," मी म्हटलं. "मागली. माझा हात धरून मागली."

आणि ती रडली गो. दोरीला धरून, मोठ्यानं, 'आई आई' करत रडली. मी तिला पोटाशी धरली.

मागितली नव्हतीस तू, सुनंदा. तिला मी हे कधी कळू देणार नाही, आणि मी स्वतः कधी विसरणार नाही.